सफरचंद, क्रीम चीज आणि पाण्याचा हिशेब

कोजागिरीला आमच्या सोसायटीत मसाला दूध कमिटीकडून असतं, बाकी प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा. गणपतीचं विसर्जन झालं की ग्रुपवर यादी फिरायला लागते. यादीला रकाने तीन: फ्लॅट नंबर, पदार्थ, अंडं आहे की नाही. एकदा पदार्थ लिहिला की तो बदलायला सेक्रेटरींना फोन करून कारण सांगावं लागतं, आणि आमचे सेक्रेटरी निवृत्त ऑडिटर आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात मी त्या यादीत 'ॲपल क्रीम चीज केक, अंडं नाही' असं लिहून मोकळा झालो. तोवर माझ्या नावावर कुकरमधला रव्याचा केक तेवढा जमा होता.

ज्यांनी हा प्रकार खाल्ला नसेल त्यांच्यासाठी: तळाला बिस्किटाच्या चुऱ्याचा दाबून बसवलेला थर, त्यावर क्रीम चीजचा जाड थर, त्यावर दालचिनीत परतलेलं सफरचंद आणि सगळ्यात वर मैदा, लोणी, साखरेचा भाजलेला चुरा. कॅफेत याचा एक तुकडा मी तीनशे वीस रुपयांना खाल्ला होता आणि घरी येईपर्यंत 'हे काय अवघड आहे' इथवर आलो होतो. अवघड आहे, पण हाताचं कसब लागतं म्हणून नव्हे. चारही थरांमध्ये पाण्याचं प्रमाण वेगवेगळं असतं आणि ते एका थरातून दुसऱ्यात पळायला टपलेलं असतं. सफरचंदाचं पाणी चीजमध्ये, चीजचं बिस्किटात, फ्रिजमधल्या वाफेचं वरच्या चुऱ्यात. पुढे जे काही लिहिलंय ते जवळपास सगळं या पाण्याला जागच्या जागी थोपवण्याबद्दल आहे.

सुरुवात माळ्यावरून झाली. लग्नात आहेर आलेला अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, तिथे थर्माकोलसकट पडून होता. खाली काढल्यावर कळलं की त्याची पिन जाड, सोळा अँपिअरची आणि ओट्यावरचे सगळे सॉकेट सहाचे. ओटीजी सोळाशे वॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टला सात अँपिअरच्या आसपास ओढणार. अडॅप्टर लावून चालवतात लोक, पण तासभर सलग चालणाऱ्या वस्तूसाठी ते करू नका, सॉकेट वितळू शकतो. आमच्या इलेक्ट्रिशियनची गणपतीतल्या मंडळांच्या रोषणाईची कामं उरकायची होती, त्यामुळे 'उद्या येतो' असं म्हणत म्हणत तो पंधरवड्यानं आला. बोर्डापासून वेगळी वायर ओढून सोळाचा पॉइंट दिला, चौदाशे रुपये घेतले. तेव्हा पितृपक्ष सुरू होता, म्हणून नवीन काही घरात आणू नकोस असं आईचं म्हणणं पडलं. पॉइंट म्हणजे खरेदी नव्हे, दुरुस्ती आहे, असा युक्तिवाद करून मी तेवढं निभावलं. टिन वगैरे मात्र घटस्थापनेनंतरच आलं.

ते थांबणं एका अर्थी पथ्यावर पडलं, कारण २२ सप्टेंबरलाच जीएसटीचे नवे दर लागू झाले. लोणी, चीज, कंडेन्स्ड मिल्क बारा टक्क्यांवरून पाचवर आले, बिस्किटं अठरावरून पाचवर. अमूल बटरची १०० ग्रॅमची वडी ६२ ऐवजी ५८ ला मिळायला लागली. दुकानात पहिले काही दिवस जुन्या एमआरपीचाच माल होता आणि बिलावर कमी दर लावताना दुकानदार वैतागलेला होता. मी घाई केली नाही. एका केकला फरक फार तर चाळीस-पन्नास रुपयांचा पडत होता.

साहित्यासाठी पुण्यातली रविवार पेठ. बोहरी आळीच्या बाजूला केकची भांडी, बटर पेपर, नोझल असल्या वस्तूंची दुकानं आहेत. दुपारी गेलात तर गाडी लावायला जागा मिळणार नाही, सकाळी दुकानं उघडता उघडता जा किंवा सरळ रिक्षानं. आठ इंची स्प्रिंगफॉर्म टिन, म्हणजे ज्याची कडा खटका उघडून बाजूला करता येते ते, ३८० रुपयांना मिळालं. या केकला साधं टिन चालत नाही, कारण तो पालथा घालून काढता येत नाही. विकत घेताना टिनात पाणी भरून बघा म्हणाल तर दुकानदार बघू देतो. माझ्या पहिल्या टिनातून धार लागली, त्यानं दुसरं दिलं. त्यातूनही थेंब गळत होते, पण तेवढं सगळ्यांतूनच गळतं.

दोन वस्तूंवर मात्र कंजुषी करू नका. एक वजनकाटा, ३९९ रुपये. यूट्यूबवरच्या बऱ्याचशा कृती अमेरिकन कपात आणि औंसात असतात. त्यांचं क्रीम चीजचं एक पाकीट म्हणजे आठ औंस, सुमारे २२६ ग्रॅम, त्यांचा कप २४० मिलीचा, आणि आपल्या घरातल्या वाट्या दोन सारख्या असतील तर शपथ. ग्रॅमवर आलात की प्रश्न मिटतो. दुसरी वस्तू ओव्हनच्या आत टांगायचा थर्मामीटर, साडेचारशेचा. माझ्या ओटीजीचं बटण १६० वर ठेवलं की आत १८५ होतात, हे त्याशिवाय कळलंच नसतं. अमेरिकन कृतीत ३२५ फॅरेनहाइट लिहिलेलं असेल तर आपले साधारण १६० सेल्सिअस. माझ्या बटणावर ते १४० च्या किंचित अलीकडे येतात, तिथे मी मार्करनं रेघ मारून ठेवली आहे.

आता क्रीम चीज. दुकानात त्याच फ्रिजमध्ये, त्याच आकाराच्या डब्यात चीज स्प्रेडही असतं. ते घेऊ नका. स्प्रेडमध्ये मीठ आणि वेगळे क्षार असतात, भाजल्यावर चव बिघडते. डब्यावर स्पष्ट 'क्रीम चीज' हवं आणि आमच्यासारखी यादी असेल तर हिरवा ठिपकाही. हे चीज मुळात अमेरिकेतलं, १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्या धंदेवाइकानं ते बाजारात आणलं. १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव मिळालं, कारण त्या शहराच्या दुधातुपाला तेव्हा मान होता. चीज फिलाडेल्फियात बनत नव्हतं. अमेरिकन नियमाप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो आणि ५५ टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही. हा आकडा इथे महत्त्वाचा आहे, कारण मी त्यात चक्का मिसळणार होतो आणि चक्क्यात पाणी याहून बरंच जास्त असतं.

चक्का कशाला? एक तर पैसे. दोनशे ग्रॅमचा डबा तेव्हा २३० रुपयांना पडत होता आणि आठ इंची टिनाला तसे तीन लागले असते. दुसरं म्हणजे आंबटपणा. नुसत्या क्रीम चीजचा थर दोन घासांनंतर जीभेवर बसतो, चक्क्यानं तो सुटतो. मी प्रमाण दोनास एक धरलं: ४०० ग्रॅम क्रीम चीज, २०० ग्रॅम चक्का. याच्या पुढे चक्का वाढवलात तर श्रीखंड भाजल्यासारखं लागायला लागतं.

दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरला होता, गुरुवारी. डेअरीसमोर चक्क्याची रांग रस्त्यापर्यंत आली होती, म्हणून मी शनिवारी गेलो आणि दोन मिनिटांत पाव किलो घेऊन बाहेर पडलो. हा चक्का श्रीखंडाला चालेल इतका कोरडा होता, या केकला नाही. रात्री मलमलच्या फडक्यात बांधून, वर पोळपाट आणि पोळपाटावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून, चाळणीसकट फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी खालच्या पातेल्यात अर्धी वाटी पिवळट हिरवं निवळ पाणी जमलं होतं. ते पाणी भाजताना बिस्किटात उतरलं असतं. आईनं त्यात दुपारची कणीक भिजवली.

सफरचंदाची परीक्षा मी आधी उरकून घेतली होती. त्या सप्टेंबरात काश्मीरचा महामार्ग दरडींमुळे दिवसेंदिवस बंद होता, सफरचंदाचे ट्रक वाटेत कुजत होते आणि शेवटी रेल्वेनं काश्मीरमधल्या बडगामहून दिल्लीला पार्सल गाडी सुरू केली. मंडईत त्यामुळे हिमाचलचा मालच जास्त दिसत होता, बहुतेक रॉयल डेलिशिअस. डेलिशिअसची जात हिमाचलात कोटगढला १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं आणून लावली, पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले. अमेरिकन केकला अमेरिकन वंशाचं सफरचंद, म्हटलं ठीकच आहे. दीडशे रुपये किलो. शेजारच्या गाळ्यावर हिरवं, आयात केलेलं ग्रॅनी स्मिथ होतं, २८० रुपये किलो.

दोन्हींच्या सारख्या वजनाच्या फोडी दोन वाट्यांत घेतल्या, प्रत्येकीवर एक चमचा साखर आणि लिंबू पिळून चाळीस मिनिटं तशाच ठेवल्या. दोन्हींना भरपूर पाणी सुटलं. सफरचंदात पंच्याऐंशी टक्के पाणीच असतं आणि साखर ते बाहेर ओढते. फरक पडला तो परतल्यावर. रॉयलच्या फोडी पाच-सात मिनिटांत कडा सोडून लगदा व्हायला लागल्या, ग्रॅनी स्मिथच्या तेवढ्याच वेळात नरम झाल्या पण चौकोन चौकोनच राहिले. चवीला मात्र नुसतं ग्रॅनी स्मिथ आंबट आणि काहीसं कोरं लागतं. म्हणून शेवटी दोन भाग हिरवं, एक भाग रॉयल. रॉयल विरघळून हिरव्याच्या फोडींना धरून ठेवतं, जॅम लावल्यासारखं. बायको म्हणाली, "एवढी परीक्षा मुलाच्या शाळेसाठी नाही घेतलीस."

भाजायचा दिवस ठरवताना कोजागिरीपासून उलटं मोजलं. कोजागिरी सोमवारी, ६ ऑक्टोबरला. केक कापायच्या आधी फ्रिजमध्ये किमान आठ तास, खरं तर पूर्ण रात्र हवी, म्हणजे रविवारी दुपारपर्यंत तो ओव्हनबाहेर आलेला पाहिजे. आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट आणि पाणी दोन्ही बहुधा गुरुवारी जातं. रविवार त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी सकाळी महावितरणचा काही मेसेज आलाय का हे दोनदा पाहिलं.

सात वाजता क्रीम चीज, चक्का आणि फ्रेश क्रीम बाहेर काढून ठेवलं. फ्रिजमधलं गार चीज कधीच एकजीव होत नाही, गुठळ्या राहतात आणि त्या फोडायला फेटत बसलं की हवा शिरते. हवा शिरली की भाजताना थर फुगतो आणि निवताना मधोमध चिरतो. ऑक्टोबर हीटमध्ये तास-दीड तास पुरे.

तेवढ्यात तळ. निम्मी मारी, निम्मी श्रूजबेरी बिस्किटं. पुण्यात राहून श्रूजबेरी इथे नाही वापरायची तर कुठे? कॅम्पातल्या १९५५ पासूनच्या कयानी बेकरीची रांग लावायची तयारी असेल तर ती आणा, नाहीतर जवळच्या बेकरीची. अंडं चालत नसेल तर घेताना विचारून घ्या, बेकरीगणिक उत्तर बदलतं. नुसती श्रूजबेरी घेऊ नका. तिच्यात आधीच इतकं लोणी असतं की भाजताना ते टिनाच्या खटक्यातून बाहेर वाहतं आणि घरभर धूर होतो. २०० ग्रॅम चुऱ्याला मी ६० ग्रॅम वितळलेलं लोणी घातलं (नुसत्या मारीला ऐंशी-नव्वद लागलं असतं), वाटीच्या तळानं दाबून बसवलं आणि १७० वर (इथून पुढचे सगळे अंश थर्मामीटरवरचे, बटणावरचे नव्हे) दहा मिनिटं भाजून घेतलं. हे आधी भाजणं टाळायचा मोह होतो. भाजल्यावर चुऱ्याच्या कणांना लोण्याचं अस्तर बसतं, वरचं पाणी चटकन झिरपत नाही. अमूल बटर खारट असतं, तेव्हा वेगळं मीठ कशातच नको.

सफरचंद: सोलून, बी काढून ७०० ग्रॅम फोडी, साधारण अर्ध्या इंचाच्या. ६० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, एक चमचा दालचिनी, चिमूटभर जायफळ. चाळीस मिनिटांनी चाळणीवर ओतलं. खाली जमलेला रस फेकायचा नाही. तो वेगळा कढईत उकळून मधाइतका घट्ट केला, मग त्यात एक चमचा लोणी आणि फोडी घालून मोठ्या आचेवर परतल्या. झाकण अजिबात नाही. उलथन्यानं कढईचा तळ खरवडला की मागे कोरडी वाट उरली पाहिजे आणि ती लगेच भरून येता कामा नये. तिथे गॅस बंद. ताटात पसरून पूर्ण गार होऊ दिलं.

मग चीज. माझ्याकडे इलेक्ट्रिक बीटर नाही. आईचं पुरणयंत्र आहे, श्रीखंडाचा चक्का ज्यातून काढतात तेच. "चीज लावणार असशील तर घासायचंही तूच," ती म्हणाली, पण दांडा तिनंच फिरवायला घेतला. चक्का आणि क्रीम चीज दोन्ही त्यातून काढलं आणि खाली जे पडलं ते इतकं मऊ होतं की फेटायची गरजच उरली नाही. त्यात २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १०० मिली फ्रेश क्रीम, दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर (आधी थोड्या क्रीममध्ये कालवून), लिंबाची किसलेली साल आणि व्हॅनिला, सगळं उलथन्यानं फक्त मिसळलं. आणखी साखर नाही.

अंडी खाणाऱ्यांनी कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लोअरच्या जागी दोन अंडी, १२० ग्रॅम पिठीसाखर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर घ्यावं. अंडी सगळ्यात शेवटी, एकेक करून. अंड्याचा थर मध्यभागी ६५ ते ६८ अंशांना झालेला असतो. फार पुढे गेला की आतली प्रथिनं आवळतात, पाणी सुटतं आणि वर भेग पडते. बिनअंड्याच्या केकला एवढी नाजूक रेघ नाही, थोडं जास्त झालं तरी तो रुसत नाही. मला वाटतं नवशिक्यानं इथूनच सुरू करावं, घरात अंडं चालत असलं तरी.

ओव्हनमध्ये सर्वांत खालच्या जाळीवर ताटलीत उकळतं पाणी ठेवलं, वरच्या जाळीवर टिन. पुष्कळ कृतींत टिनाला फॉइल गुंडाळून ते थेट पाण्यात बसवायला सांगतात. गळक्या टिनाला ते परवडत नाही, आणि अठ्ठावीस लिटरच्या ओटीजीत तेवढं मोठं ताट मावतही नाही. खालच्या ताटलीतून वाफ मिळते, शिवाय खालच्या कॉइलची धग थेट टिनाला लागत नाही. पंखा असेल तर बंद ठेवा.

आधी फक्त तळ आणि चीज, १६० वर पंचवीस मिनिटं. सगळे थर एकदम रचले तर सफरचंद पातळ चीजमध्ये बुडतं. पंचवीस मिनिटांत वर एक साय धरते, तिच्यावर सफरचंद पसरता येतं. त्यावर चुरा: ८० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम फ्रिजमधलं थंड लोणी, बोटांच्या टोकांनी चोळलेलं, मटारएवढे गोळे राहतील असं. लोणी मऊ झालं असेल तर भांडं दहा मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवा. या चुऱ्यातला तिसरा हिस्सा मी केकवर घातलाच नाही, वेगळ्या थाळीत ठेवला. त्याचं काय ते पुढे येईल.

पुन्हा चाळीस मिनिटं. शेवटची दहा मिनिटं वरची कॉइल सुरू केली आणि काचेला नाक लावून उभा राहिलो, कारण चुरा सोनेरीचा काळा व्हायला दोन मिनिटं पुरतात. झालं की नाही हे सुरी खुपसून बघायचं नाही. चिमट्यानं टिन हलकेच हलवायचं. कडेचे दोन बोटं जागचे हलले नाहीत आणि मधला भाग नुकत्या लागलेल्या खरवसासारखा थरथरला की बटण बंद.

इथून पुढे सगळी वाट पाहणं. दार उघडून टिन बाहेर काढलं तर गार हवेनं वरचा थर आकसतो. दार घट्ट बंद ठेवलं तर आतल्या उष्णतेनं शिजतच राहतो. दारात लाटणं अडकवून बोटभर फट ठेवली आणि तासभर तिकडे फिरकलो नाही. मग बाहेर, ओट्यावर, हात लावून टिनाचा तळ गार लागेपर्यंत. त्याला आणखी दोन तास गेले. घरातल्यांनी या काळात 'आता झाकून ठेव की, मुंग्या येतील' असं बऱ्याचदा सुचवलं. गरम केकवर झाकण ठेवलं की झाकणाला पाणी धरतं आणि ते थेंब थेंब चुऱ्यावर पडतं. परातीत पाणी घालून, मध्ये वाटी उपडी ठेवून तिच्यावर टिन ठेवलं. मुंग्यांचा प्रश्न मिटला.

फ्रिजमध्ये जाण्याआधी फ्रिज आवरावा लागला. क्रीम चीज शेजाऱ्याचा वास पटकन घेतं. लसणाची चटणी आणि चिरलेली कोथिंबीर एका रात्रीसाठी खालच्या मजल्यावर काकूंच्या फ्रिजमध्ये पाठवली. टिनावर कोरडं सुती फडकं ताणून बांधलं आणि त्यावर ताट, म्हणजे जे पाणी धरेल ते फडकं पिईल. संध्याकाळी पाचला आत गेला.

वेगळा ठेवलेला चुरा त्याच रात्री थाळीत पसरून १७० वर बारा मिनिटं भाजला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरला. कितीही फडकी बांधली तरी रात्रभरात केकवरचा चुरा मऊ पडतोच, खालून सफरचंदाचा ओलावा चढतो. हा कोरडा चुरा आयत्या वेळी वरून पेरायचा. कॅफेवाले काय करतात ठाऊक नाही, पण घरी कुरकुरीतपणा मिळवायचा दुसरा उपाय मला सापडला नाही.

सोमवारी ऑफिसातून येऊन आधी टिनाच्या कडेनं पातळ सुरी फिरवली, मग खटका उघडला. कापायला लांब सुरी, उकळत्या पाण्याचं उंच भांडं आणि एक फडकं. सुरी बुडवायची, पुसून पूर्ण कोरडी करायची, सरळ खाली दाबायची, आणि वर न उचलता खालून बाहेर ओढून घ्यायची. प्रत्येक कापाला पुन्हा पहिल्यापासून. सोळा फोडी केल्या, त्याहून बारीक केल्या तर उभ्या राहत नाहीत. कापलेल्या कडेला चारही थर वेगवेगळे दिसत होते आणि बिस्किटाची रेघ खालपर्यंत कोरडी, फिक्कट तपकिरी होती. मी ती कड बराच वेळ बघत होतो, आईनं हाक मारेपर्यंत.

गच्चीवर शेवटच्या घटकेलाच न्या. तासाभरानं चीज ढिलं पडायला लागतं. एका आजोबांनी 'श्रीखंडाची वडी आहे का ही?' असं विचारलं, एकीनं गोड कमी आहे म्हटलं, मुलांनी वरचा चुरा वेचून खाऊन बाकीचं आयांना दिलं. सेक्रेटरींनी यादी काढून जिलेटिन आहे का याची खात्री करून घेतली. प्रश्न रास्त होता: न भाजता फ्रिजमध्ये लावायच्या चीजकेकमध्ये जिलेटिन घालतात आणि ते प्राणिजन्य असतं. भाजायच्या केकला ते लागत नाही. ज्यांना न भाजताच करायचा आहे त्यांनी चायना ग्रास वापरावं.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी, तेव्हाच्या भावानं: क्रीम चीज ४६०, सफरचंद १९०, बिस्किटं ११०, चक्का ९०, लोणी ८७, कंडेन्स्ड मिल्क निम्मा डबा ७०, बाकी किरकोळ साठेक. एका केकला हजार-अकराशे, म्हणजे फोडीला सत्तरच्या आत. यात टिन, काटा, थर्मामीटर आणि चौदाशेचा पॉइंट धरलेला नाही. तो पॉइंट धरला तर पहिला केक कॅफेतूनच आणलेला बरा, असं बायकोनं हिशेब करून दाखवलं.

उरलाच तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, तिसऱ्या दिवशी चव उलट मुरते. क्रीम चीजचा नुसता डबा फ्रिजरमध्ये टाकू नका, सुटल्यावर रवाळ होऊन पाणी वेगळं होतं. भाजलेल्या केकच्या फोडी मात्र वरचा चुरा झटकून, एकेक बटर पेपरात गुंडाळून महिनाभर गोठवता येतात. काढल्यावर रात्रभर खालच्या कप्प्यात सुटू द्यायच्या, मायक्रोवेव्हमध्ये नाही. चुरा डब्यातला ताजा पेरायचा.